‘विंडो टाकून द्या’: एका सवयीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ थांबलं की हे दृश्य दिसतं. मोटरसायकलवर, मांडीत धरून कोणीतरी सीपीयू आणतो. ‘भाऊ, चालूच नाही होऊन राह्यला, फाईल मिसिंग दाखवते.’ काउंटरमागून उत्तर ठरलेलं: ‘विंडो टाकावी लागते.’ म्हणजे डिस्क पुसून (फॉरमॅट करून) विंडोज नव्याने बसवायचं. संध्याकाळी मशीन चकाचक होऊन घरी जातं आणि मग कळतं की लग्नाचे फोटो, जिनिंगच्या पावत्या, पोरीचा प्रोजेक्ट, सगळं त्यासोबत गेलं. अशी मशिनं मी बरीच वर्षं दुरुस्त करतो आहे. त्यांतल्या पुष्कळांना फॉरमॅटची गरज नसते, एक-दोन फायली परत बसवल्या की भागतं. तरी हीच सवय का पडली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

विंडोज पहिल्यांदा आलं ते १९८५ साली. तेव्हा मेमरी महाग होती, म्हणून अनेक प्रोग्रामना लागणारं काम एकाच सामायिक फाईलमध्ये ठेवायची पद्धत पडली. हीच डीएलएल फाईल. सामायिक विहिरीसारखी सोय, आणि अडचणही तीच: एकाने पाणी गढूळ केलं की सगळ्यांचं गढूळ. नव्वदच्या दशकात नवा प्रोग्राम टाकताना तो आपली जुनी डीएलएल नव्या डीएलएलवर बेधडक चढवायचा आणि दुसरेच चार प्रोग्राम बंद पडायचे. या प्रकाराला जगभर ‘डीएलएल हेल’ म्हणत. १९९८च्या विंडोजमध्ये सिस्टम फाईल चेकर आला. बिघडलेली फाईल तो ओळखायचा आणि मूळ सीडीवरून काढून परत बसवायचा. विंडोज २००० आणि पुढे २००१च्या एक्सपीने आणखी एक पाऊल टाकलं. महत्त्वाच्या फायलींची जोडप्रत डीएलएलकॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवली. फाईल गेली की विंडोज स्वतःच तिथून उचलून जागेवर ठेवणार, आणि तिथेही नसली तर सीडी मागणार.

आपल्याकडे घोडं अडलं ते या सीडीपाशीच.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत गावागावांतली पोरं कॉम्प्युटर शिकली. कोणी नागपूरला सीताबर्डीतून, कोणी अकोल्या-अमरावतीहून असेंबल केलेलं मशीन घरी आणलं. त्यासोबत मूळ सीडी फार थोड्यांना मिळाली. अख्ख्या तालुक्यात कॉपी केलेली एकच सीडी फिरायची. मशीन एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटवर आणि हातातली सीडी त्याआधीची असली, की फाईल चेकर ती चुकीची म्हणून नाकारायचा. काही कॉपी सीडींमध्ये तर जागा वाचवायला डीएलएलकॅशच काढून टाकलेला असे. म्हणजे दुरुस्ती करता येत नव्हती, पण त्याच सीडीने नवी विंडो मात्र हमखास पडत होती. सवय इथून लागली, आणि त्यासाठी दुकानदाराला दोष द्यावासा मला वाटत नाही. त्याच्या हातात तेवढंच होतं.

दुसरं कारण लोडशेडिंग. २००५ नंतरची कित्येक वर्षं खेड्यांत दिवसाचे अनेक तास लाईन नसायची, आणि जायची तीही न सांगता. हार्डडिस्कवर लिहिणं अर्धवट असताना लाईन गेली की कोणती फाईल कुठे आहे याची नोंद विस्कटते. जुनी मशिनं बहुधा फॅट३२ या डिस्कवरच्या मांडणीवर होती आणि तिच्यात अशी नोंद सावरण्याची सोय नाही. एनटीएफएस ही दुसरी मांडणी आपल्या नोंदींची रोजकीर्द ठेवते, म्हणून ती बऱ्यापैकी तग धरते. त्यात विदर्भाचा मे महिना. पंचेचाळीस डिग्रीत यूपीएसची बॅटरी लवकर मरते, आणि मेलेल्या बॅटरीचा यूपीएस नुसता टेबल अडवतो.

२००९च्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यात मावशीच्या घरी काळ्या पडद्यावर एकच ओळ आली होती: ‘एनटीएलडीआर इज मिसिंग.’ काकाजी कंट्रोल-अल्ट-डिलीट दाबत होते, पुन्हा तीच ओळ येत होती. तालुक्याच्या दुकानात फॉरमॅट सांगितलं होतं. आत कापसाचा चार वर्षांचा हिशोब. एनटीएलडीआर ही अडीचशे केबीची फाईल, तिचं काम विंडोज उठवणं. ती, एनटीडिटेक्ट आणि बूट.आयएनआय अशा तिन्ही फायली मी ओळखीच्या सेंटरमधल्या एक्सपी मशीनवर फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर घेतल्या. रात्री गेलेली लाईन पहाटे चारला आली. फ्लॉपी टाकली, ड्राईव्ह घरघरला आणि हिरवं माळरान पडद्यावर आलं. मग त्याच फायली सी ड्राईव्हवर ठेवल्या. काकाजींनी आधी एक्सेल उघडलं, चहा नंतर घेतला.

पुढे पेनड्राईव्ह आले आणि ऑटोरनच्या, म्हणजे पेनड्राईव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप चालवण्याच्या सोयीच्या, वाटेने व्हायरस घरोघर गेले. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठी ही वाट बंद केली. कधी औषधच, म्हणजे अँटिव्हायरसच, बाधायचं. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही अस्सल फाईल व्हायरस समजून उचलली आणि जगभर मशिनं अडकली.

व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, जोडप्रतींचा सगळा साठा डिस्कवरच विनएसएक्सएस फोल्डरात राहू लागला. सीडीची गरज संपली. (जागा करायला हा फोल्डर डिलीट करणारेही मी पाहिले आहेत. कृपा करून करू नका.) खुद्द हा साठाच बिघडला तर? त्यासाठी २०१२च्या विंडोज ८ मध्ये डिसम या विंडोजमधल्याच दुरुस्तीच्या प्रोग्रामला रिस्टोअरहेल्थ ही आज्ञा मिळाली. ती चांगल्या प्रती इंटरनेटवरून आणते. पण तेव्हा गावात नेट म्हणजे रखडणारा डोंगल. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ही दुरुस्ती घरबसल्या होऊ लागली. आधी डिसम, मग एसएफसी स्कॅननाऊ (तोच सिस्टम फाईल चेकर चालवायची आज्ञा), हा क्रम. डिसमचा आकडा मध्येच बराच वेळ हलत नाही. लोक हँग झालं समजून बटण दाबतात. अर्धा तास थांबा.

एमएसव्हीसीपी१४० सारखी फाईल मिसिंग दाखवली तर ती विंडोजची सिस्टम फाईलच नसते. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ पॅकेज टाकलं की ती येते. कुठल्यातरी साईटवरून सुटी डीएलएल उतरवणं म्हणजे घरात व्हायरसला बोलावणं. आणि मराठी टायपिंगवाल्यांचं एक वेगळंच दुखणं. कृतिदेव, शिवाजी हे फॉन्ट विंडोजच्याच फोल्डरात असतात. फॉरमॅटमध्ये ते गेले की बॅकअप घेतलेला ठरावही इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित सपोर्ट संपलं. जुनी मशिनं विंडोज ११ घेत नाहीत, ती अजून वर्षानुवर्षं चालतील. नेट नसलं तरी त्याच आवृत्तीच्या आयएसओमधून, म्हणजे विंडोजच्या सीडीच्या एकाच फाईलमधल्या प्रतीतून, डिसम फायली घेऊ शकतं. म्हणून आता दुरुस्त केलेल्या प्रत्येक सीपीयूवर मी चिठ्ठी चिकटवतो: विंडोजची आवृत्ती, बिल्ड नंबर, आणि आयएसओचा पेनड्राईव्ह घरात कोणत्या डब्यात ठेवला आहे.