शीन (भारतातील पहिला व्यवसाय)

शीन ही तयार कपड्यांची ऑनलाइन विक्री करणारी, मूळची चिनी कंपनी. शू यांगतियान (क्रिस शू) यांनी २००८ मध्ये नानजिंगला ती सुरू केली; पुढे मुख्यालय सिंगापूरला गेले. भारतातला तिचा पहिला डाव दोन-अडीच वर्षांत, जून २०२० मध्ये संपला. त्याचे श्रेय सरसकट गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन संघर्षाला दिले जाते. पण धंद्याचा पाया त्याआधीच कस्टम्सने खिळखिळा केला होता.

स्वस्त कपडा ठाण्याला नवा नव्हता. उल्हासनगरची जीन्स होतीच. शीनची ओढ होती ती रोज बदलणाऱ्या मालाची. नव्या डिझाइनचे आधी शे-दोनशे नगच शिवायचे, खपले तर आणखी काढायचे, ही तिची पद्धत. चीनमधून थेट ग्राहकाच्या नावे येणारी पार्सले ‘भेट’ म्हणून दाखवून शुल्क चुकवले जाते, असा आरोप होता. कारण ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला सीमाशुल्क माफ होते. २०१९ मध्ये मुंबई कस्टम्सने शीन आणि क्लब फॅक्टरी या दुसऱ्या चिनी ऑनलाइन विक्रेत्या कंपनीची पार्सले अडवली. डिसेंबरमध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने टपाल वा कुरिअरने ‘भेट’ म्हणून माल आणण्यावरच बंदी घातली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र चालणार नाही, हेही अधिसूचनेत आवर्जून लिहिले होते! शुल्क भरून तीच किंमत परवडणे अवघड होते.

२९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ ॲप्सवर बंदी आली. टिकटॉकबरोबर शीनही गेले. सरकारने देशाची सुरक्षा आणि वापरकर्त्यांची माहिती ही कारणे दिली. माहितीबाबतची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही: २०१८ मध्ये शीनच्या ३.९ कोटी खात्यांचा तपशील चोरीला गेला होता आणि तो प्रकार नीट न कळवल्याबद्दल न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये मालक कंपनीकडून १९ लाख डॉलर दंड वसूल केला. डिझाइनचोरीचे आरोप वेगळेच. शीनसाठी कपडे शिवणाऱ्या, चीनमधल्या ग्वांगजौच्या कारखान्यांत कामगारांना आठवड्याला ७५ तास काम करावे लागते, असे स्विस संस्था पब्लिक आयने २०२१ मध्ये दाखवले.

ठाण्याच्या राम मारुती रोडवर दुकान बंद व्हायचे तर आधी सेलचा फलक लागतो, घासाघीस होते, मालक उधारी गोळा करतो. इथे शटरच नव्हते. ग्राहक आजिओ, मिंत्राकडे वळले, पुढे झुडिओत रांगा लावू लागले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्स रिटेलने शीनचे ॲप भारतात पुन्हा आणले. या कंपनीचा मोठा कारभार ठाणे-बेलापूर रस्त्यावर, नवी मुंबईतल्या घणसोलीच्या संकुलातून चालतो. शीनचे नाव परवान्यावर घेतलेले, कपडे भारतीय कारखान्यांतले आणि ग्राहकांची माहिती भारतातच ठेवण्याची अट, अशी ही नवी मांडणी आहे.