शेल्बी ड्रॉप

शेल्बी ड्रॉप : फोर्ड मस्टँग मोटारीच्या 1965 आणि 1966 सालच्या गाड्यांत, पुढच्या सस्पेन्शनच्या (चाके सांगाड्याला जोडून धक्के सोसणाऱ्या रचनेच्या) वरच्या आर्मचा (चाक धरणाऱ्या हलत्या भुजेचा) आतला आधारबिंदू सुमारे 1 इंच (25 मिमी.) खाली आणण्याचा फेरफार. यालाच ‘आर्निंग ड्रॉप’ असेही म्हणतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवण्याचे कामही बहुधा याच वेळी उरकले जाते, कारण दोन्हींसाठी गाडीची पुढची बाजू खोलावीच लागते.

17 एप्रिल 1964 रोजी बाजारात आलेली मस्टँग ही फोर्डच्याच फाल्कन या किफायती गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि इंजिनाच्या बाजूला असलेल्या पत्र्याच्या शॉक टॉवरला (स्प्रिंग व आर्म यांना आधार देणाऱ्या उभ्या खोक्याला) टेकते. खालच्या आर्मला तिरक्या स्ट्रट रॉडचा (आधारदांड्याचा) आधार मिळतो. वळणावर गाडी कलली की ज्याच्यावर अधिक भार येतो ते बाहेरचे चाकही गाडीबरोबर बाहेर झुकते आणि टायर आपल्या कडेवर चालू लागतो. आतला आधारबिंदू खाली घेतला की वरच्या आर्मला आतल्या बाजूस उतार मिळतो, त्यामुळे चाक वर उचलले जाताना त्याचा माथा आत खेचला जातो आणि टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो. रोल सेंटर, म्हणजे ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू, वर सरकल्याने गाडीचे कलणेही काहीसे घटते, आणि गाडीची पुढची उंची थोडी कमी होते.

या फेरफाराचे श्रेय कोणाचे, याबद्दल मतभेद आहेत. प्रचलित नाव अमेरिकन मोटार-निर्माते कॅरल शेल्बी यांचे आहे, कारण त्यांच्या शेल्बी अमेरिकन कंपनीने 1965 सालच्या जीटी 350 या मस्टँगवर आधारित गाडीत हा बदल करूनच ती विकली. मात्र मूळ भूमिती फोर्डमधील सस्पेन्शन-तज्ज्ञ क्लाउस आर्निंग यांची, असे दुसरे मत आहे. त्या काळात फोर्डमध्ये सस्पेन्शनच्या हालचालींचे गणित संगणकावर मांडले जाऊ लागले होते, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. शेल्बी यांच्याकडे प्रसाराचे श्रेय जाते. खर्चाच्या कारणाने शेल्बी यांनी 1966 सालच्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर हा बदल सोडून दिला. 1967 च्या मस्टँगमध्ये फोर्डने पुढच्या चाकांतील अंतर सुमारे 2 इंचांनी वाढवले आणि वरच्या आर्मची जागाही खाली आणली, त्यामुळे त्या सालापासूनच्या गाड्यांना हा फेरफार तितकासा लागू पडत नाही.

प्रत्यक्ष कामात शॉक टॉवरवर मापाचा साचा लावून, आर्मच्या शाफ्टसाठी (आर्म ज्याभोवती हलतो त्या दांड्यासाठी) मूळ भोकांच्या 1 इंच खाली आणि साधारण 1/8 इंच मागे नवी भोके पाडतात. वेल्डिंगची गरज नसते, परंतु स्प्रिंग दाबून काढावी लागते आणि हाच या कामातील खरा धोक्याचा भाग आहे. 1 इंचाहून पुष्कळ अधिक खाली गेल्यास बॉल जॉइंट (आर्म व चाक यांना जोडणारा गोलाकार सांधा) आपल्या कोनाच्या मर्यादेत अडकतो, म्हणून तेथे पाचरीची जोड द्यावी लागते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट (कोनांची जुळणी) नव्याने करावेच लागते.

ब्रेकच्या बाबतीत सहा सिलिंडरच्या गाड्यांना 9 इंची, तर व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) गाड्यांना 10 इंची ड्रम (चाकाबरोबर फिरणारे, आतून दाबले जाणारे ब्रेकचे डबे) होते. 1965 पासून वैकल्पिक मिळणारे केल्सी-हेज कंपनीचे डिस्क ब्रेक सुमारे 11.3 इंच व्यासाच्या चकतीचे आणि चार पिस्टनच्या कॅलिपरचे (चकतीला पॅडने चिमटणाऱ्या भागाचे) होते. 1968 मध्ये त्यांची जागा एकाच पिस्टनच्या तरंगत्या कॅलिपरने घेतली. ड्रममध्ये फिरत्या ड्रमाच्या ओढीनेच ब्रेकशू (ड्रमला आतून घासणारा वक्र भाग) अधिक घट्ट आवळला जातो, डिस्कमध्ये तसे होत नाही, म्हणून त्याला तेलाचा दाब जास्त लागतो. मागे ड्रमच राहिल्यास मागची चाके आधी अडकू नयेत यासाठी मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवतात. ड्रमसाठी असलेल्या मास्टर सिलिंडरमधील (पेडल दाबल्यावर तेलाचा दाब निर्माण करणाऱ्या भागातील) उरता दाब राखणारा व्हॉल्व्ह डिस्कच्या वाटेवर तसाच ठेवला, तर पॅड चकतीला घासत राहतात. 1966 पर्यंतच्या गाड्यांत चारही चाकांना एकच तेलमार्ग असल्याने एका गळतीने सर्व ब्रेक निकामी होऊ शकतात, म्हणून या निमित्ताने 1967 पासून आलेला दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे सर्वांत शहाणपणाचे मानले जाते. फोर्ड ग्रॅनाडा या दुसऱ्या गाडीचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो भाग) व ब्रेक बसवण्याचीही रीत आहे. तिच्यात स्टिअरिंगच्या टाय रॉडची (चाके वळवणाऱ्या दांड्याची) भूमिती मात्र नव्याने तपासावी लागते.