मेंदूला मार लागल्यानंतर : विस्कटलेली घडी पुन्हा बसवताना

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस महिन्याभराने रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा टाके निघालेले असतात, सिटी स्कॅनमध्ये रक्ताची गाठ विरलेली दिसते, तो चालतो, बोलतो, भेटायला आलेल्यांना नावानिशी ओळखतो. आल्यागेल्याच्या दृष्टीने तो बरा झालेला असतो. घरच्यांना मात्र पंधरा-वीस दिवसांत जाणवू लागते, की सांगितल्याखेरीज तो अंघोळीला उठत नाही, टीव्ही चालू असताना दोन माणसे एकदम बोलली तर भडकतो, सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी त्याला सांगता येत नाही, आणि याबद्दल विचारलेच तर ‘मला काहीही झालेलं नाही’ असे अगदी मनापासून सांगतो. मेंदूच्या दुखापतीतून सावरण्याचा अवघड टप्पा पुष्कळदा इथून सुरू होतो; नेमक्या त्याच वेळी उपचार संपले अशी सर्वांची समजूत झालेली असते.

मेंदू हा अतिशय मऊ अवयव कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. वेगात असलेले डोके एकाएकी थांबले की कवटी थांबते आणि मेंदू क्षणभर पुढे जात राहतो. कवटीचा पुढचा तळ आतून खडबडीत असल्यामुळे कपाळामागचा भाग आणि कानशिलामागच्या भागाचे टोक यांना तेथे घासून मार बसतो, मग आघात डोक्याच्या मागच्या बाजूला झालेला असला तरीही. कपाळामागचा हा भाग म्हणजे काम ठरवणे, ते सुरू करणे आणि वेळीच स्वतःला आवरणे यांची जागा. शिवाय डोके गरकन फिरले असेल, तर मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे सूक्ष्म तंतू ताणले जातात किंवा तुटतात. हाड मोडणे आणि रक्तस्राव सिटी स्कॅनमध्ये लगेच दिसतात, हे ताणलेले तंतू मात्र बहुतेक वेळा दिसत नाहीत. त्यामुळे ‘स्कॅन नॉर्मल आहे’ या वाक्याने मिळणारा दिलासा अर्धाच खरा असतो.

आघाताच्या क्षणी झालेले नुकसान कोणीही परत फिरवू शकत नाही. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत होणारे नुकसान मात्र टाळता येते, आणि अतिदक्षता विभागातली सगळी धडपड त्यासाठीच असते. मेंदूला सूज येते, कवटी काही प्रसरण पावत नाही, आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा अपुरा पडू लागतो. दाब हाताबाहेर जाऊ लागला तर शल्यचिकित्सक कवटीच्या हाडाचा मोठा तुकडा काढून ठेवतात. आपल्याकडे तो पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपला जातो आणि सूज उतरल्यावर पुन्हा बसवला जातो.

दुखापत किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी ग्लासगो विद्यापीठातील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली मोजपट्टी आजही जगभर वापरली जाते. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींचे गुण मिळून किमान ३ आणि कमाल १५ होतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर दुखापत. पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधताना मात्र दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी ठरते. डोळे उघडून बोलू लागलेल्या रुग्णाच्या मनात नव्या आठवणी टिकेनाशा झालेल्या असतात. सकाळी कोण भेटून गेले हे त्याला संध्याकाळी सांगता येत नाही, तो तेच ते विचारतो, सलाईनची नळी उपसून काढतो, आईवर ओरडतो. नातेवाईक ‘शुद्धीवर आला’ म्हणतात, पण रोजच्या आठवणी सलग टिकू लागेपर्यंत तो या संभ्रमावस्थेतून बाहेर आलेला नसतो. ही अवस्था जितके दिवस लांबते, तितका सावरण्याचा काळही लांबण्याची शक्यता असते.

मेलेल्या चेतापेशी जवळपास परत येत नाहीत, मग सुधारणा होते तरी कशी? सुरुवातीला सूज उतरते आणि आघाताने केवळ थबकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांतली प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी असते. त्यानंतर शिल्लक राहिलेली चेतापेशींची जाळी सरावाने नव्या जोडण्या करीत जुनी कामे अंशतः उचलतात. हे काम संथ असते, वर्षानुवर्षे चालू शकते, आणि ज्या गोष्टीचा सराव करावा तीच प्रामुख्याने सुधारते. म्हणूनच मोबाइलवरची स्मरणशक्तीची कोडी रोज तासभर सोडवणारा रुग्ण कोडी सोडवण्यात तरबेज होतो आणि गॅस बंद करायला तरीही विसरतो. बदाम आणि ब्राह्मी यांच्यावर घरोघरी होणारा खर्च पाहता हे थोडे स्पष्ट सांगितलेले बरे.

पुनर्वसनाचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाहण्यासाठी चहाचे उदाहरण पुरेसे आहे. व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णाला दोन कप चहा करायला सांगते. तो पातेले ठेवतो, पाणी ओततो, साखर घालतो, मग चहापावडरीचा डबा हातात धरून तसाच उभा राहतो, कारण पुढची पायरी कोणती आणि झालेली कोणती हे दोन्ही निसटलेले असते. ज्याची स्मरणशक्ती बरी आहे त्याला ती ‘आता काय राहिलं?’ एवढेच विचारते आणि उत्तर त्याच्याकडूनच येऊ देते. ज्याची स्मरणशक्ती फारच दुबळी झाली आहे, त्याच्या बाबतीत ती नेमकी उलट वागते: चूक होण्याआधीच योग्य पायरी दाखवते. चुकांमधून शिकायचे तर चूक झाली होती हे आठवावे लागते. ते आठवत नसेल तर चुकीची कृतीच हातात बसते. मग ओट्याच्या वर पायऱ्यांची चिठ्ठी लागते, गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी येते, मोबाइलला गजर लावला जातो. याला काही जण कुबड्या म्हणतात, पण चष्म्याला कोणी कुबडी म्हणत नाही.

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हमखास येणारा फिनिअस गेज याची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावाजवळ १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेमार्गासाठी सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला, आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये लिहिले, की तो लहरी आणि शिवराळ झाला, मालकांनी त्याला जुन्या जागी पुन्हा घेतले नाही, आणि ओळखीच्यांना तो पूर्वीचा गेज वाटेनासा झाला. बहुतेक पुस्तके इथेच थांबतात. पण तोच गेज १८५२ मध्ये चिलीला गेला आणि वाल्पारायसो ते सँटियागो या मार्गावर कित्येक वर्षे प्रवाशांची सहा घोड्यांची गाडी हाकत होता. परका मुलुख, परकी भाषा, सुमारे शंभर मैलांची वाट आणि सहा घोड्यांचे लगाम हे काम स्वतःला आवरता न येणाऱ्या माणसाचे नव्हे. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाने असे सुचवले, की ठरलेल्या वेळा, ठरलेला क्रम आणि रोजची तीच वाट यांनीच त्याला बऱ्याच अंशी सावरले असावे. हे तपासून पाहण्याचा मार्ग आज उरलेला नाही, तरी सध्याच्या पुनर्वसनाच्या पद्धतीशी ते इतके जुळते की मला ते पटते. १८६० मध्ये आकडीचे झटके येऊन गेज वारला. दुखापतीनंतर वर्षांनीही फिट येऊ शकते. त्यामुळे आकडीची औषधे मनाने बंद करू नयेत आणि दारू पूर्ण वर्ज्य ठेवावी, असे डॉक्टर बजावून सांगतात.

आपल्याकडे फिजिओथेरपी आता तालुक्याच्या गावीही मिळते. मुंबईत हाजी अलीजवळ पुनर्वसनाची केंद्र सरकारी संस्था १९५५ पासून आहे. स्मृती, लक्ष आणि वागणूक यांवर काम करणारे मेंदू-मानसशास्त्रज्ञ मात्र मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ आहेत, आणि ती उणीव प्रामुख्याने घरातली बाई भरून काढते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मेंदूच्या दुखापतीचे स्वतंत्र नाव नाही. हातपाय किंवा वाचा गेली तर त्या खात्यात प्रमाणपत्र मिळू शकते. ज्याचे हातपाय धड आहेत पण एका वेळी दोन कामे जमत नाहीत, अशा माणसाची अडचण तपासणीच्या मेजासमोर पाच मिनिटांत दिसत नाही. अशा रुग्णाच्या घरच्यांनी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीचा, म्हणजे स्मृती, लक्ष आणि वागणूक यांच्या तपासणीचा, लेखी अहवाल मागून घ्यावा, आणि नोकरीवर परतताना तो दाखवून सुरुवातीला अर्धा दिवस, एकच काम आणि शांत जागा यांची मागणी करावी.