काळ्या रंगाचं बिल

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला एखाद्या दुकानात ओलेड मॉनिटर बघायला गेलात, तर पहिल्या नजरेत तुमची निराशाच व्हायची शक्यता जास्त. डोक्यावर ट्यूबलाइट, काचेच्या दारातून आत येणारं ऊन, आणि ज्या काळ्या रंगासाठी साध्या मॉनिटरपेक्षा बरेच जास्त पैसे मोजायचे तोच राखाडी-जांभळट दिसतो. क्यूडी-ओलेड या सॅमसंगच्या प्रकारातल्या पॅनेलवर बाहेरचा उजेड शोषणारी पोलरायझरची पट्टी नसते, त्याचा हा परिणाम. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने तोच मॉनिटर घरी नेऊन, दिवे मालवून, गोदाघाटावरचा रात्रीचा शॉट लावून बघावा. साध्या एलसीडीत मागचा बॅकलाइट सतत जळत असतो आणि पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, तो जमेल तेवढा अडवतो, म्हणून तिथे दिव्यांमधला अंधार धुरकट येतो. ओलेडमध्ये पिक्सेल हाच दिवा. विझला की विझला.

ही युक्ती काही नवी नाही. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर उजळणाऱ्या सेंद्रिय थरांचा दिवा १९८७ मध्ये जगापुढे मांडला. (फोटोच्या फिल्मवर मोठ्या झालेल्या कोडॅकने २००९ मध्ये हा धंदा एलजीला विकून टाकला.) १९९७ मध्ये पायोनियरने गाडीच्या स्टिरिओला असा छोटा डिस्प्ले लावला. २००७ मध्ये सोनीचा टीव्ही आला: ११ इंची, किंमत दोन लाख येन.

मोठा पडदा करताना घोडं अडलं. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग बारीक छिद्रांच्या धातूच्या जाळीतून वेगवेगळे बसवायचे, तर मोठ्या आकारात जाळी झोळ खाते. एलजीने सरसकट पांढरा प्रकाश पाडून त्यावर रंगांचे फिल्टर लावले आणि २०१३ मध्ये ५५ इंची टीव्ही बाजारात आणला. सॅमसंगने पुढे उलटा मार्ग धरला: सगळीकडे निळा प्रकाश, आणि क्वांटम डॉट्स नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या थरात त्याचाच लाल-हिरवा करायचा. हाच तो क्यूडी-ओलेड.

मग टेबलावर यायला इतका उशीर का? कारण टीव्हीवरचं चित्र हलत राहतं, कंप्युटरचा टास्कबार मात्र दिवसभर एकाच जागी ठाण मांडून बसतो. जास्त जळलेले पिक्सेल लवकर मंदावतात, त्यातही निळे सगळ्यात आधी, आणि टास्कबारची सावली पडद्यावर कायमची उमटते. यालाच बर्न-इन म्हणतात. डेलने २०१६ मध्ये ३० इंची मॉनिटर दाखवला तो ४,९९९ डॉलरचा. सामान्य ग्राहकासाठी खरं दार उघडलं ते २०२२ मध्ये, डेलच्याच एलियनवेअरच्या ३४ इंची मॉनिटरने. किंमत १,२९९ डॉलर. माझ्या मते किमतीपेक्षा मोठी बातमी होती सोबतची वॉरंटी: तीन वर्षं, आणि तीत बर्न-इनसुद्धा धरलेलं.

आपल्याकडे ३४ इंचाला आणखी एक चटका होता. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर २०१९ पासून १८ टक्के जीएसटी, त्याहून मोठ्यांवर २८. हा फरक २२ सप्टेंबर २०२५ ला संपला.

मराठीत लिहिणाऱ्याने एक गोष्ट दुकानातच तपासावी. बहुतेक क्यूडी-ओलेडमध्ये तीन रंगांचे ठिपके एका रांगेत नसून त्रिकोणात असतात, त्यामुळे आडव्या रेषांना वर-खाली हिरवट-जांभळट कडा येते. इंग्रजी अक्षरांत ती चुकून नजरेत भरते. आपल्या प्रत्येक शब्दावर तर शिरोरेषाच आहे. ३२ इंची फोर-के पडद्यावर ठिपके बारीक, म्हणून त्रास कमी. जुन्या ३४ इंचीवर वर्डची फाइल उघडून बघा.

आणि घरी आणल्यावर रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायची सवय सोडावी लागेल. स्टँडबायमध्ये असताना हा मॉनिटर पिक्सेलची झीज मोजून ती सारखी करून घेतो. वीजच तोडली तर ते काम राहून जातं.