पाट एक, फड दोन: सामायिक स्टोरेजची राखण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गेल्या पावसाळ्यात आम्ही जुने तीन सर्व्हर उतरवून नवे चार चढवले. अट एकच होती, कारखाना थांबायचा नाही. मशीन शॉपचं वेळापत्रक, स्टोअरचा हिशेब, गेटवरची हजेरी हे सगळं तिथे व्हर्च्युअल मशिनांवर, म्हणजे एका सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने थाटलेल्या वेगवेगळ्या संगणकांवर चालतं, आणि त्या मशिनांचा डेटा सर्व्हरच्या पोटात नसतो. तो शेजारच्या रॅकमधल्या स्टोरेजच्या खोक्यात असतो. साडेतीन इंच उंच, समोर चोवीस डिस्क, मागे चार केबली. ते खोकं बदलायचं नव्हतं. म्हणजे दोन आठवडे जुना क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट) आणि नवा क्लस्टर एकाच स्टोरेजवर नांदणार होते.

"सरळ कॉपी करून घ्या ना," असं तिथल्या अकाउंट्सच्या साहेबांनी सुचवलं. सूचना रास्त होती, पण हिशेब बघा. डेटा होता दहा टेराबाइट, म्हणजे ८० लाख कोटी बिट. सेकंदाला एक गिगाबिट वेगाची तार एक क्षणही न थांबता धावली, तरी २२ तास लागतात, आणि तेवढ्या वेळात मूळ डेटा बदलत राहतो तो वेगळाच. याउलट दोन्ही क्लस्टरना तेच स्टोरेज दिसत असेल, तर मशीन इकडून तिकडे नेताना फक्त तिच्या मेमरीतला मजकूर न्यावा लागतो. डिस्क जागची हलतच नाही. दोन-चार मिनिटांत मशीन नव्या घरी, आणि वापरणाऱ्याला पत्ताही नाही.

सोय मोठी आहे. तिची राखण कशी करायची, हा या लेखाचा विषय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. स्टोरेजच्या खोक्याला 'फाइल' म्हणजे काय ते माहीतच नसतं. त्याच्या लेखी सगळी जागा म्हणजे क्रमांक टाकलेले खण, एकेक ५१२ किंवा ४०९६ बाइटचा. सर्व्हर सांगतो, अमुक क्रमांकाच्या खणात हे लिही. खोकं लिहितं. कोणत्या खणात पगारपत्रक आहे, कोणता खण मोकळा आहे, हा सगळा हिशेब सर्व्हरवरची फाइल सिस्टीम ठेवते, आणि वेग हवा म्हणून त्या हिशेबाची एक प्रत स्वतःच्या मेमरीत बाळगते. लिनक्सची ईएक्सटी४ असो की विंडोजची एनटीएफएस, दोघींची समजूत एकच: या डिस्कची मालकीण मी एकटी.

आता तीच डिस्क दोन सर्व्हरना दाखवा. दोघांच्याही मेमरीत नोंद आहे की खण क्रमांक ८,४१,२०० मोकळा आहे. पहिला तिथे एका सुट्या भागाचं ड्रॉइंग लिहितो. पाच सेकंदांनी दुसरा त्याच खणात हजेरीपट लिहितो. कोणाच्याही स्क्रीनवर लाल अक्षर उमटत नाही, कारण कोणीही चुकीची आज्ञा दिलेली नाही. खोक्याने दोन्ही आज्ञा इमानाने पाळल्या. ड्रॉइंग गेलं, आणि ते गेल्याचं ज्या दिवशी कोणी उघडून बघेल त्या दिवशी कळणार. 'आपण फक्त वाचायला जोडू' ही पळवाटही उपयोगाची नाही. ईएक्सटी४ला नुसतं वाचण्यापुरतं जोडलं, तरी अर्धवट राहिलेल्या नोंदी पुऱ्या करायला ती आधी डिस्कवर लिहिते. तसं करू नकोस, असं वेगळं सांगावं लागतं.

माझं आजोळ बागलाणात, मोसम नदीच्या काठी. बागलाणात आणि धुळ्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात, आणि कोणत्या फडाला पाणी कधी द्यायचं ते पाटकरी बघतो. शेकडो वर्षं चालत आलेली ही फड पद्धत सामायिक स्टोरेज समजावून सांगताना मला सगळ्यात जवळची वाटते. पाणी सगळ्यांचं, पण कोणीही उठून दारं मोडायचं नाही.

स्टोरेजचं पहिलं दारं अगदी साधं असतं, कोणाला डिस्क दिसावी आणि कोणाला दिसूच नये. सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या फायबर चॅनल नेटवर्कच्या प्रत्येक पोर्टला ६४ बिटांचं, सोळा अक्षरी नाव असतं. मधल्या स्विचवर कोणत्या नावाने कोणाशी बोलायचं ते ठरवणं म्हणजे झोनिंग, आणि स्टोरेजवर कोणती डिस्क कोणत्या नावांना दाखवायची ते ठरवणं म्हणजे मास्किंग. अंबडला सात सर्व्हर, प्रत्येकी दोन पोर्ट, म्हणजे चौदा नावं. ती मी वहीत हाताने लिहून काढली होती, आणि दोघांनी मिळून, एकाने वाचायचं आणि एकाने टिक करायची, अशी पडताळली. इतकं जपायला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यातून फोन आला. बॅकअपसाठी एक विंडोज सर्व्हर बसवला होता आणि व्हर्च्युअल मशिनांची डिस्क त्यालाही दाखवली होती. विंडोजला ती मांडणी ओळखीची नव्हती. त्याने विचारलं, ही नवी डिस्क तयार करू का? कोणीतरी 'हो' म्हटलं. डिस्कच्या सुरुवातीचे मोजके खण नव्याने लिहिले गेले, आणि नेमकं त्या खणांतच डिस्कवरचा विभाग, म्हणजे पार्टिशन, कुठून सुरू होतो याची नोंद होती. हे झालं गुरुवारी. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं, कारण चालू सर्व्हरनी जुनी नोंद मेमरीत धरून ठेवली होती. रविवारी वीज बंद ठेवून देखभाल झाली, सर्व्हर परत सुरू केले, आणि डिस्क रिकामी दिसायला लागली. आतला डेटा जागच्या जागी होता. विभाग २०४८व्या खणापासून सुरू होतो ही नोंद परत लिहिली, तेव्हा सगळं जिवंत झालं. त्याआधीचे सहा तास त्या खोलीत कोणी खुर्चीवर टेकलं नव्हतं.

दिसू द्यायचं कोणाला हे ठरलं, की पुढचा प्रश्न येतो. ज्यांना दिसतं त्यांनी आपापसात पाळी कशी लावायची? यासाठी वेगळ्या फाइल सिस्टीम असतात, ज्या आपण एकट्या नाही हे गृहीत धरूनच बांधलेल्या असतात. ही कल्पना जुनी आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर आणला, तेव्हा अनेक संगणकांना एकच डिस्क वापरता यावी म्हणून कुलपांचा एक सामायिक कारभारी सोबत दिला होता. फाइल हवी तर आधी कुलूप मागायचं. लिनक्सवरची आजची फाइल सिस्टीम जीएफएस२ याच वळणाचा आहे. त्यातले सर्व्हर कुलपांची बोलणी नेटवर्कवरून करतात.

आणि इथेच दोन क्लस्टरचा प्रश्न वेगळा पडतो. एका क्लस्टरमधले सर्व्हर एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या क्लस्टरमधला सर्व्हर त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतो. त्याने कुलूप घेतलंय का हे विचारायचं तरी कोणाला? जीएफएस२ यावर कडक भूमिका घेतो. डिस्कवरच क्लस्टरचं नाव कोरून ठेवतो आणि दुसऱ्या नावाच्या क्लस्टरने जोडायला घेतली तर नकार देतो. मला ही भूमिका मनापासून आवडते. जे सांभाळता येणार नाही त्याला हातच लावायचा नाही.

अंबडला आमच्याकडे व्हर्च्युअल मशिनांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरची व्हीएमएफएस ही फाइल सिस्टीम होती. तिची वाट वेगळी. तिची कुलपं नेटवर्कवर नसतात, डिस्कवरच असतात. ज्याला डिस्क दिसते त्याला कुलूपही दिसतं, मग तो कोणत्या का क्लस्टरचा असेना. पण डिस्कवरचं कुलूप घ्यायचं कसं, यात एक बारकी मेख आहे. समजा सर्व्हरने कुलपाचा खण वाचला, त्यात 'मोकळं' होतं, म्हणून त्याने तिथे आपलं नाव लिहिलं. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये सेकंदाचा हजारावा भाग गेला असेल. तेवढ्यात दुसऱ्यानेही 'मोकळं' वाचलेलं असू शकतं. मग दोघंही निर्धास्त, कुलूप आपल्याकडेच आहे म्हणून.

पूर्वी यावर उपाय म्हणजे कुलूप घेण्यापुरती अख्खी डिस्क अडवायची. म्हणजे एका फडाला पाणी वळवायचं म्हणून सगळा पाटच बांधून ठेवायचा. सर्व्हर थोडे होते तोवर चाललं. वाढले तसे सगळेच एकमेकांसाठी ताटकळायला लागले. आता डिस्कलाच एक जोडआज्ञा देतात: या खणात 'मोकळं' असेल तरच माझं नाव लिही, नाहीतर मला नकार कळव. तपासणं आणि लिहिणं ही एकच अखंड कृती, आणि ती खोक्याच्या आत होते, मध्ये कोणाला शिरायला फटच नाही. व्हीएमवेअरने २०१० मध्ये आपल्या व्हीस्फिअर सॉफ्टवेअरच्या ४.१ आवृत्तीत हे आणलं. अडतो तो एक खण, बाकीची डिस्क मोकळी वाहत राहते.

इथपर्यंतचं सगळं मला सोपं वाटतं. खरा घोर पुढे आहे.

कुलूप घेतलेला सर्व्हर गप्प झाला तर? दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हर 'मी आहे' अशी खूण करतो, तिला हार्टबीट म्हणतात. खूण थांबली की बाकीचे म्हणतात, गेला. पण गेला म्हणजे काय झालं? वीज गेली असेल, तार निघाली असेल, किंवा तो नुसता थबकला असेल आणि चाळीस सेकंदांनी परत चालू लागणार असेल. बाहेरून या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. तार तुटून क्लस्टरचे दोन तुकडे झाले तर दोन्हीकडचे म्हणतील, पलीकडचे मेले, आता कारभार आपला. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. म्हणून बहुमताचा नियम असतो. पाचांपैकी तीन ज्या बाजूला, तीच बाजू चालणार. पण हे बहुमत एका क्लस्टरच्या आतलं. दोन क्लस्टर असतील तर दोघांकडे आपापलं बहुमत शाबूत असू शकतं, आणि तरीही ते एकाच डिस्कवर भांडत असू शकतात.

थोडा वेळ तुटलेली तार किती महाग पडते याचं माहितीतलं उदाहरण गिटहबचं, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेचं. २१ ऑक्टोबर २०१८ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तिथे एक सामायिक डिस्क नव्हती, डेटाबेसच्या प्रती दोन किनाऱ्यांवर होत्या. पण मधल्या वेळात दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं गेलं, आणि ते जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

तर तो थबकलेला सर्व्हर. चाळीस सेकंदांपूर्वी त्याने कुलूप घेतलं होतं. त्याच्या हातात एक लिहायची आज्ञा तयार आहे. मधल्या काळात बाकीच्यांनी त्याचं कुलूप मोडलं, ती मशीन दुसरीकडे सुरू केली. हा जागा होतो. त्याच्या घड्याळात एक क्षणही गेलेला नाही. तो लिहून टाकतो. त्याला निरोप पाठवून उपयोग नाही, कारण निरोप घेण्याइतका तो जागा नव्हता. हक्क द्यायला एक नोंद पुरते, पण ज्याला तो गेल्याचं ठाऊकच नाही त्याच्याकडून काढून घेणं फार अवघड आहे.

आजोळी मामा रात्रीचे दारं धरायला जात, तेव्हा एकदा मी विचारलं होतं, पाणी चालू असताना एखाद्याला बांधावर झोप लागली तर? मामा म्हणाले, "त्याला उठवायला कोण जातंय अंधारात? वरून पाटावरच बंद करायचं." स्टोरेजमध्ये हेच करतात, आणि त्याला फेन्सिंग म्हणतात. प्रत्येक सर्व्हर डिस्ककडे आठ बाइटांची एक किल्ली नोंदवतो. एखादा गप्प झाला की उरलेल्यांपैकी एक जण डिस्कला सांगतो, त्याची किल्ली काढून टाक. मग तो झोपेतून उठून लिहायला आला, तरी डिस्क स्वतः नकार देते. त्याला काय वाटतं, त्याला निरोप मिळाला का, याने काहीच फरक पडत नाही. विंडोजचे क्लस्टर २००८ पासून याच किल्ल्यांवर चालतात. दुसरा मार्ग म्हणजे गप्प झालेल्या सर्व्हरची वीजच दुरून तोडायची. ऐकायला क्रूर वाटतं, पण डेटाच्या बाजूने विचार केला तर फार दयाळू आहे. फक्त किल्ल्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवावं: प्रत्येक पोर्टची नोंदणी वेगळी होते. एका पोर्टवरून नोंदवायची राहिली, तर एरवी सगळं ठीक दिसतं आणि मुख्य तार निघाली की दुसरीवरून लिहिणं अडतं.

आणि जिथे सामायिक ठेवायची गरजच नाही, तिथे ठेवू नये. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. पाळीचा प्रश्न निम्मा तिथेच मिटतो. आम्हीही अंबडला सगळं खोकं दोघांना उघडं केलं नाही. हलवाहलवीपुरते दोन व्हॉल्यूम, म्हणजे स्टोरेजचे वेगळे पाडलेले दोन भाग, सामायिक ठेवले, बाकीचे ज्याचे त्याला.

तेराव्या दिवशी शेवटची मशीन नव्या क्लस्टरवर गेली. आता जुन्यांचा हक्क काढायचा. इथे क्रम चुकवायचा नाही. आधी मास्किंगमधून नाव काढलं, तर डिस्क अचानक दिसेनाशी झालेले सर्व्हर तिची वाट बघत अडकून बसतात. म्हणून आधी जुन्या सर्व्हरवरच व्हॉल्यूम उतरवायचा, मग डिस्क सोडायची, मग स्टोरेजवरून नाव पुसायचं, शेवटी स्विचवरून. एकेक सर्व्हर करत गेलो. वहीतल्या सहा नावांवर रेघ मारली, मग स्टोरेजच्या स्क्रीनवर जोडलेल्या पोर्टांची यादी उघडली. आठ नावं होती. चार सर्व्हर, प्रत्येकी दोन. सोबतच्या मुलाने ती एकदा मोठ्याने वाचली, मी टिक केली, आणि मग जुन्या रॅकमागच्या केबली काढायला घेतल्या.