एरर २०० आणि केळीच्या बागेतला पोऱ्या

१९९६ साली जळगावात कॉम्प्युटर क्लासला जायचो तेव्हा मी टर्बो पास्कल नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक गेम लिहिला होता. फार काही नाही, एक पोऱ्या केळीच्या बागेतून पळतो, झाडावरून झाडावर उड्या मारतो, घड तोडला की १० पॉइंट, वानरानं धरलं की खेळ खल्लास. प्रिन्स ऑफ पर्शिया आणि डेव्ह हे गेम खेळून खेळून डोकं फिरलं होतं, त्याचा परिणाम. यंदा मे महिन्यात भाचा आला, बाहेर ४४ डिग्री, दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही, माळा आवरताना ती फ्लॉपी सापडली आणि तो मागेच लागला की मामा चालू करून दाखव.

आधी फ्लॉपी. प्लास्टिकच्या चकतीवर चुंबकीय लेप, बास. एका मित्राकडून यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह आणला, करकर करत ईएक्सई फाइल आली, पण मूळ कोड असलेली पास फाइल अर्ध्यावर अडकली ती अडकलीच, बॅड सेक्टर. म्हणजे शिजलेला पदार्थ हातात, रेसिपी गेली. प्रिन्स ऑफ पर्शियाचं नशीब चांगलं, त्याचा १९८९ चा ॲपल टू कॉम्प्युटरवरचा मूळ कोड तो गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांना २०१२ मधे जुन्या फ्लॉप्यांच्या खोक्यात सापडला आणि तो वाचताही आला. आम्ही आपले खोक्यापर्यंतच पोचलो.

ईएक्सईवर डबल क्लिक केलं तर विंडोज ११ म्हणतं हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. भाच्याला वाटलं व्हायरस. कारण साधं आहे, माझा गेम १६ बिटचा, म्हणजे एका वेळी १६ बिटांचा आकडा हाताळणाऱ्या जुन्या प्रोसेसरसाठीचा. १९८५ मधे इंटेलचा ३८६ आला त्यात व्हर्च्युअल ८०८६ नावाचा एक मोड होता, म्हणजे नवा प्रोसेसर आतल्या आत जुन्या ८०८६ प्रोसेसरचं सोंग घ्यायचा, विंडोज एक्सपीपर्यंत डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमचे गेम चालायचे ते त्याच सोंगावर. पण प्रोसेसर ६४ बिटच्या मोडमधे गेला की हे सोंग त्याला घेताच येत नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमधून तो अख्खा भागच काढून टाकला. गंमत म्हणजे पॉवर बटण दाबल्यावर हाच प्रोसेसर पहिले काही क्षण १६ बिटमधेच जागा होतो, मग लगेच कपडे बदलतो.

दुसरी भानगड म्हणजे डॉसमधे प्रोग्रामला सगळं घर मोकळं असायचं. मी स्क्रीनवर ठिपका काढायला कुणाला विचारतच नव्हतो, सरळ मेमरीच्या ए००० या पत्त्यावर रंगाचा नंबर लिहायचा की ठिपका दिसला. ३२० बाय २०० म्हणजे ६४००० ठिपके, प्रत्येकाला एक बाइट, आणि मेमरीचा एक सेगमेंट म्हणजे तुकडा ६५५३६ बाइटचा, म्हणजे अख्खा पडदा एकाच सेगमेंटमधे बसतो. आम्हाला ३२० बाय २०० चा मोड आवडायचा तो ह्याच्यासाठी. आज कुठलाही प्रोग्राम असा थेट हात घालायला गेला तर विंडोज त्याला तिथल्या तिथे बाहेर काढतं, आणि बरोबरच आहे म्हणा.

तर उपाय डॉसबॉक्स, २००२ पासून फुकट मिळतो. आमच्याकडे पुरणाचे मांडे करतात ते उपड्या खापरावर, नॉनस्टिक तव्यावर तेच पुरण तीच कणीक घेतली तरी मांडा होत नाही. गेमचं तसंच आहे, फाइल म्हणजे फक्त कणीक आणि पुरण, खापर म्हणजे ते जुनं मशीन. डॉसबॉक्स तुम्हाला सॉफ्टवेअरमधे खापर बनवून देतो. गेमची एकेक सूचना वाचतो, जुन्या प्रोसेसरनं काय केलं असतं ते करतो, खोट्या ए००० मधे काय लिहिलं गेलं ते बघून खिडकीत चित्र काढतो, आणि गेमला पत्ताच नाही की आपण २८-३० वर्षं पुढे आलोय.

चालू झाला! पण पोऱ्या असा चालत होता की जणू भरीतपार्टी करून आलाय. डॉसबॉक्समधे सायकल्स म्हणून एक आकडा असतो, साधारण एका मिलिसेकंदात किती सूचना चालवायच्या तो, आणि अशा गेमला तो आपणहून ३००० धरतो, म्हणजे सेकंदाला ३० लाख. भाच्यानं सेटिंग फाइलमधे जाऊन मॅक्स करून टाकलं, आजकालच्या पोरांना मॅक्स म्हणजेच चांगलं. परत चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, रनटाइम एरर २००, शून्यानं भागाकार.

आणि मला एकदम २००१ आठवलं. नवीन पेंटियम थ्री घेतला होता, त्यावर हाच गेम टाकला तर हीच एरर, मी आपला फ्लॉपी खराब झाली समजून माळ्यावर टाकून दिली. फ्लॉपी चांगली होती भो! टर्बो पास्कलची सीआरटी नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, प्रोग्राम सुरू होताना मशीनचा वेग मोजायची. पीसीच्या घड्याळाचा टिक सेकंदाला १८.२ वेळा पडतो, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदाला एक. तेवढ्या वेळात एक रिकामा लूप, म्हणजे तीच तीच सूचना परत परत, किती वेळा फिरला ते मोजायचं, त्याला ५५ नं भागायचं, की एका मिलिसेकंदाचा हिशोब मिळाला. हे उत्तर ठेवायला जागा १६ बिटची, जास्तीत जास्त ६५५३५. मशीन इतकं पळायला लागलं की ५५ मिलिसेकंदात लूप ३६ लाखांच्या वर फिरला की उत्तर त्या जागेत मावत नाही, आणि प्रोसेसर उत्तर न मावणं आणि शून्यानं भागणं या दोन्हीला एकच घंटा वाजवतो. शून्य कुठेच नव्हतं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमपासून लोकांना ही एरर यायला लागली, मग काहींनी तयार ईएक्सईला ठिगळ लावणारे छोटे प्रोग्रामच काढले.

वर माझा स्वतःचा शहाणपणा वेगळाच. पोऱ्याची चाल हळू करायला मी फॉर लूप १ पासून ३०००० पर्यंत नुसता मोजायला लावला होता, आत काहीच नाही. क्लासमधल्या ४८६ प्रोसेसरच्या मशीनवर ते बरोब्बर बसलं होतं, म्हणजे माझं घड्याळ तो ४८६ च होता. प्रिन्सवाल्यांनी टिक मोजले, म्हणून तो वेगवान मशीनवरही माणसासारखा पळतो. मग कंट्रोल-एफ१२ नं सायकल्स वाढव, कंट्रोल-एफ११ नं कमी कर, असं करत करत १२००० च्या आसपास पोऱ्याची चाल ओळखीची वाटली. हे काही शास्त्र नाही, डोळ्यांचा अंदाज, तंबोरा जुळवतात तसा.

गेममधला सूर्य मात्र चपटा दिसत होता. जुन्या मॉनिटरचा पडदा ४:३, त्यात ३२० बाय २०० ताणून बसायचे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. आजचे ठिपके चौकोनी, म्हणून सगळंच बुटकं. सेटिंगमधे ॲस्पेक्ट ट्रू केलं की सूर्य गोल.

मग भाचा जो बसला तो चार तास उठला नाही. आमच्या वेळी एवढा वेळ लाईटच टिकायची नाही, त्यामुळे इतका स्कोअर कुणीच बघितला नव्हता. ३२७६० वर त्यानं अजून एक घड तोडला आणि स्कोअर झाला उणे ३२७६६. १६ बिटचा इंटीजर म्हणजे पूर्णांक, ३२७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरतो, माझीच चूक आणि डॉसबॉक्सनं ती इमानदारीत करून दाखवली. दुरुस्त करायची तर पास फाइल नाही.

"मामा, मी जिंकलो का हरलो?"

म्हटलं थांब, सरबत आणतो.