सर्बियाला राष्ट्राध्यक्ष मिळेना

सरळ लढतीत जवळपास ६७ टक्के मते मिळवूनही वोयिस्लाव कोश्तुनित्सा सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत. १३ ऑक्टोबर २००२ च्या त्या दुसऱ्या, निर्णायक फेरीत मतदान झाले जेमतेम ४५ टक्के, आणि कायदा सांगत होता की यादीतल्या निम्म्या मतदारांनी तरी मत दिले पाहिजे. नाहीतर निवडणूक बाद.

ही अट नव्वदच्या दशकात सर्बियावर सत्ता गाजवणाऱ्या स्लोबोदान मिलोशेविच यांच्या राजवटीपासूनची. १९९७ मध्ये ती त्यांच्या पथ्यावरच पडली होती. दुसऱ्या फेरीत कडवे राष्ट्रवादी वोयिस्लाव शेशेल सत्ताधारी उमेदवाराच्या किंचित पुढे गेले, पण मतदान ४९ टक्क्यांवर अडकले. सर्बियाच्या तेव्हाच्या कोसोवो प्रांतातल्या अल्बेनियन मतदारांचा बहिष्कार होताच. डिसेंबरात नव्याने निवडणूक झाली, मतदानाने पन्नाशी कशीबशी ओलांडली आणि मिलोशेविच यांचे मिलान मिलुतिनोविच निवडून आले. गैरप्रकारांचे आरोप झाले ते झालेच.

२००२ चा खरा वाद यादीचा. तिच्यात सुमारे ६५ लाख नावे होती. त्यांत मेलेली माणसे आहेत, नव्वदच्या दशकात देश सोडून गेलेली आहेत, अशी कोश्तुनित्सांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य होते, पण सगळा दोष यादीवर ढकलता येणार नाही. मिलोशेविचना हटवणाऱ्या आघाडीतच कोश्तुनित्सा आणि पंतप्रधान झोरान जिंजिच यांचे फाटले होते. अशा वेळी विरोधकाला पाडायला मतांची गरज नव्हती. आपली माणसे घरी बसली की पुरे.

त्यानंतर अट फक्त पहिल्या फेरीपुरती ठेवली गेली. आपल्याकडे सोसायटीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब करून अर्ध्या तासाने भरवतात, तशातली ही सोय. उपयोग शून्य, कारण ८ डिसेंबरला नव्याने झालेल्या निवडणुकीत पहिलीच फेरी ४५ टक्क्यांवर थांबली. या वेळी जिंजिच यांच्या गोटाने उमेदवारच दिला नव्हता. मिलुतिनोविच यांची मुदत संपली आणि संसदेच्या सभापती नताशा मिचिच हंगामी राष्ट्राध्यक्ष झाल्या. मार्च २००३ मध्ये जिंजिच यांची हत्या झाली, तेव्हा आणीबाणी त्यांनीच जाहीर केली.

शेजारच्या माँटेनेग्रोतही याच अटीने दोन निवडणुका बाद झाल्या. तिथे ती लगेच काढली आणि मे २००३ मध्ये फिलिप वुयानोविच निवडून आले. सर्बियाने मात्र नोव्हेंबर २००३ मध्ये पुन्हा तोच खेळ केला. मतदान ३९ टक्क्यांच्या आत, आणि सर्वाधिक मते शेशेल यांच्या पक्षाच्या तोमिस्लाव निकोलिच यांना! आता सगळ्यांचे डोळे उघडले. २००४ च्या सुरुवातीला अट रद्द झाली आणि जूनमध्ये बोरिस तादिच निवडून आले. दोन्ही फेऱ्यांत मतदान पन्नास टक्क्यांच्या खालीच होते.